रोज थोडी उतरणारी ताकद

'पंच क्लब' खेळताना ऐन लढतीत माझ्या हाताला जवळजवळ काहीच काम नसतं, आणि या गेमचं खरं मोल त्यातच आहे अशी माझी खात्री झाली आहे. लेझी बेअर गेम्स या रशियन स्टुडिओने तो बनवला आणि जानेवारी २०१६मध्ये टायनीबिल्डने तो बाजारात आणला. वरवर पाहिलं तर हा जुन्या काळाच्या आठवणींवर उभा राहिलेला खेळ वाटतो. जाड पिक्सेलांची चित्रं, डोळ्यांदेखत वडिलांचा खून झालेला नायक, गटारात राहणाऱ्या मगरी, जागोजागी ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मारधाडपटांची आणि कार्टूनांची आठवण. पण १९८७चा 'पंच-आउट!!' किंवा १९९१चा 'स्ट्रीट फायटर २' घेतला तर तिथे सगळं कसब खेळणाऱ्याच्या बोटांत होतं. समोरच्याचा खांदा हलला की नेमक्या क्षणी बटण दाबायचं. ते जमलं तर जिंकलात. 'पंच क्लब'ने त्या काळाचं रूप उचललं आणि नियम मात्र उलटा केला. इथे लढतीआधी आणि दोन राउंडच्या मधल्या वेळात कोणते डाव वापरायचे एवढंच मी ठरवतो. घंटा वाजली की पडद्यावरचा मुष्टियोद्धा स्वतःच लढतो आणि मी बघत राहतो.

मग माझ्या हाती उरतं काय? उरतो तो लढतींच्या मधला सगळा दिवस. नायकाला भूक लागते, त्याची शक्ती संपते, मन उदास होतं, अंग दुखावतं. जिममध्ये घाम गाळायला अंगात त्राण हवं, त्यासाठी पोटात अन्न हवं, अन्नासाठी पैसे हवेत, आणि पैशांसाठी बांधकामावर राबावं किंवा पिझ्झा पोहोचवावा लागतो. त्या कामात पुन्हा तीच शक्ती आणि तोच वेळ खर्च होतो. या सगळ्यावर एक कठोर नियम आहे: दिवस बदलला की कमावलेली ताकद, चपळाई आणि दम आपोआप थोडे खाली येतात. त्यामुळे पैशांच्या मागे लागलो की शरीर घसरतं आणि शरीराच्या मागे लागलो की घरातलं अन्न संपतं. ठोसा किती जोरात बसेल, नेम लागेल का, शेवटच्या राउंडपर्यंत श्वास पुरेल का, हे सगळं अशा साध्या निवडींमध्ये आधीच ठरून गेलेलं असतं. लढत फक्त निकाल वाचून दाखवते.

यावर पहिला आक्षेप असा की ठोसा मीच मारणार नसेन तर यात खेळ कुठे उरला? आक्षेप रास्त आहे, कारण व्हिडिओ गेमचं सुख बरंचसं बोटांच्या करामतीत असतं. पण कौशल्य हातात असतं तसं निर्णयातही असतं, आणि याचा पुरावा या गेमच्या प्रकाशनातच सापडतो. ट्विच या गेम थेट दाखवणाऱ्या संकेतस्थळावरच्या प्रेक्षकांनी सगळ्यांनी मिळून 'पंच क्लब' पूर्ण करून दाखवला की त्याच क्षणी तो विक्रीला येईल, असं प्रकाशकांनी जाहीर केलं होतं. तो जमाव सुमारे दीड दिवसात शेवटापर्यंत पोहोचला आणि गेम ठरलेल्या तारखेआधीच बाजारात आला. हजारो लोकांच्या सूचनांवर चालणारा खेळाडू बोटांच्या चपळाईने जिंकूच शकत नाही. तिथे कामाला आला तो प्राधान्यक्रम: आज जेवायचं, उद्या सराव, परवा लढत. बुद्धिबळात सोंगट्या हलवायला ताकद लागत नाही म्हणून कोणी त्याला खेळ म्हणायचं थांबत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. हा गेम म्हणजे नुसता घाणा आहे, तीच धावपट्टी, तीच नोकरी, तेच जेवण. आणि मिळवलेलं रोज काढून घेणं ही तर खेळणाऱ्याची छळवणूक आहे, असं अनेकांनी म्हटलं. फुकट मिळणाऱ्या मोबाइल गेमसारखा वेळकाढूपणा इथे आहे, अशीही टीका झाली. मधल्या टप्प्यात ही पुनरावृत्ती गरजेपेक्षा लांबते, हे मला मान्य आहे. पण ते मोबाइल गेम खेळणाऱ्याला ताटकळत ठेवतात आणि ती वाट टाळण्यासाठी पैसे मागतात. 'पंच क्लब' मला माझा अधीरपणा विकत नाही. माझे दिवस मोजके आहेत एवढंच तो दाखवतो. शिवाय रोजची घट काढून टाकली तर काय होईल? प्रत्येक खेळाडू सावकाश सगळंच वाढवत बसेल आणि कोणत्याही निवडीला अर्थ राहणार नाही. घट आहे म्हणूनच ताकदीचं अस्वल, चपळाईचा वाघ आणि दमाचं कासव या तीन वाटांपैकी एक धरून बाकीच्यांवर पाणी सोडावं लागतं. पुढे अशी कौशल्यंही मिळतात की एका पातळीखाली तुमची कमाई उतरत नाही. म्हणजे नियम आंधळा नाही. निवडलेल्या वाटेवर टिकून राहिलेल्याला तो हळूहळू सूट देतो.

तिसरा आक्षेप गेमच्या जुन्या वेशावर आहे: 'रॉकी'ची आठवण करून द्यायची आणि भावनेवर माल खपवायचा. काही संदर्भ खरोखर नुसते सजावटीचे आहेत. पण १९७६च्या 'रॉकी'तून या गेमने घ्यायला हवी तीच गोष्ट घेतली आहे. त्या चित्रपटाचा बहुतेक वेळ रिंगबाहेर जातो: सावकारासाठी वसुली, गरिबीतलं घर, पहाटेचा सराव. शेवटच्या लढतीत रॉकी गुणांवर हरतो, तरी तो पंधरा राउंड उभा राहिला याचं मोल प्रेक्षकाला कळतं, कारण त्यामागचे दिवस त्याने पाहिलेले असतात. यासाठी हॉलिवूडपर्यंत जायचीही गरज नाही. कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याआधी त्यांना प्रवासखर्चासाठी लोकांकडे पैसे मागत फिरावं लागलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. मॅटवरची काही मिनिटं जगाने पाहिली, पण तिथे पोहोचण्याची लढाई पैसा आणि खुराक यांच्याशी होती.

म्हणून मला 'पंच क्लब' हा लढवय्यांविषयीच्या सर्वांत प्रामाणिक गेमपैकी एक वाटतो. बटणांच्या गेमने आम्हाला विजयाचा क्षण दिला, आणि तोही हवाच. पण त्या क्षणाची किंमत कोण, किती दिवस आणि कशातून चुकवतो हे सांगायला वेगळा नियम लागत होता. लढवय्याचं शरीर एकदा कमावून कायमचं आपलं होत नाही, ते रोज नव्याने कमवावं लागतं, ही गोष्ट या गेमने संवादांतून सांगितली नाही, खाली येणाऱ्या आकड्यांतून मला सोसायला लावली. अशा खेळांची पारख करताना मारामारी किती रंगते याच्याआधी आपण हे विचारायला हवं की लढतीआधीच्या दिवसांना त्यांनी किती वजन दिलं आहे.