नकाराची कळ

नकार देणारा माणूस आपणांस सहसा आवडत नाहीं; मग नकार देणारें यंत्र कोणास आवडावें? आमच्या जुन्या ऑटोमॅटिक मोटारीला अशी एक कळ होती. गिअरचा दांडा 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'वर असला, तरच तिच्यांतून स्टार्टरच्या रिलेकडे वीज जाई. एरवीं किल्ली कितीही फिरवा, गाडी मौन! ओल्ड्समोबीलनें १९४० च्या मॉडेलांत क्लचच्या पेडलाला रजा दिली, त्याच परंपरेंतली ही मोटार. वडिलांचा डावा गुडघा क्लच दाबण्यास नाकबूल झाला, म्हणून ती आमच्या अमरावतीच्या घरीं आली.

एकदां अकोल्यास ती रुसली. कळीच्या आंतले संपर्क झिजले होते. मिस्त्री म्हणाला, "डायरेक्ट करून देतो जी, काई होत नाई!" कळीच्या दोन तारा त्यानें एकत्र पिळल्या आणि गाडी तत्काळ सुरू झाली. मूर्तिजापूर, बडनेरा मागें टाकीत मी खुशींत घरीं आलों. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून विश्वविक्रम झाला होता. अशा रस्त्यावर थांबण्याचें महत्त्व कोणाला सुचतें?

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडिलांनीं अंगणांत हातब्रेक सोडला आणि किल्ली फिरवली. दांडा 'ड्राइव्ह'वर राहिला होता, तोही माझ्याच हातून. गाडी उसळून तुळशीवृंदावनावर आदळली. क्षणापूर्वीं तेथेंच माझी मुलगी आदल्या संध्याकाळची पणती उचलीत होती.

वडील थरथरत उतरले. "आतां माझ्यानें होत नाहीं रे," म्हणून त्यांनीं किल्ली माझ्या हातीं दिली. ती मीं मुकाट्यानें घेतली. चूक झाल्यास गाडी सुरूच होणार नाहीं, या भरंवशावर ते होते; आणि तो भरंवसा मीं त्यांना न सांगतां पिळून टाकला होता. संध्याकाळपर्यंत मला हें बोलण्याचा धीर झाला नाहीं.

मग नवी कळ आणली. दांडा 'न्यूट्रल'वर ठेवून तिची खूण जुळवली, स्क्रू आवळले, टेस्ट-लॅम्प लावला. 'पार्क' व 'न्यूट्रल'वर उजेड. 'रिव्हर्स' व 'ड्राइव्ह'वर काळोख. शेवटीं पाय ब्रेकवर घट्ट ठेवून प्रत्येक जागीं किल्ली फिरवून पाहिली.

आतां किल्ली पुन्हां वडिलांकडे आहे. गाडी कधीं मौन राहिली, तर ते हंसून दांडा जागेवर नेतात. वृंदावनाची ढांसळलेली कड मात्र मीं अद्याप तशीच ठेवली आहे.