आमच्या ताफ्याचे हात

उचगावच्या आमच्या ताफ्यात तीन हलग्या, एक घुमकं, एक कैताळ आणि लेझमाची सोळा पोरं. चैत्रात सुरू होतो तो दसऱ्यापर्यंत चालतो. कुठं काय वाजवायचं हे आम्ही ठरवतो. आज्याच्या वेळी ते गाव ठरवायचं.

आज्याचे सगळे हात कामाचे. दवंडीचा वेगळा, वरातीचा वेगळा, पालखीपुढचा वेगळा, मढ्यापुढचा वेगळा. वाजवायचं आणि भाकरीसाठी दारात उभं राहायचं. शाहू महाराजांनी 1918 साली संस्थानातली महारवतनं मोडली. 1920 साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांकडं बोट दाखवून हा तुमचा पुढारी म्हणाले. वतन गेलं, बोलावणं गेलं नाही. 1956 नंतर वाड्यातल्या कैकांनी हलगी खुंटीला टांगली ती टांगलीच.

म्हणून कार्यकर्ते मित्र विचारतात, गुलामीचं कातडं अजून कशाला बडवता? मित्रांनो, शेळीच्या कातड्याचा काय गुन्हा? बोलावतो कोण, कसा, ते बघा.

आमचा पहिला मान 14 एप्रिलचा. हलगी जाळावर शेकायची, टणटण बोलली की निघायचं. हात संथ सुरू होतो, लेझीम दोन पावलं पुढं, एक मागं, मग पोरं बसून उठतात आणि चौकात लय अशी चढते की म्हातारीसुद्धा फुगडीला उतरते. अलीकडं पुढं डीजेच्या भिंती असतात. त्यात आमचं काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही पहाटेच निघतो. 26 जूनला शाहू जयंती, तेव्हाही हाच हात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठीपुढं मी वाजवत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. पण ताफ्यातली दोन मांगाची पोरं जातात, त्यांची चूल त्यावर पेटते. त्यांना अडवणारा मी कोण? यावर आमच्यात अजून भांडण आहे, आणि ते असू दे.

कुस्तीच्या मैदानात मात्र सगळे जातो. पैलवान खडाखडीला लागले की हात धिमा, पट काढला की दुडका, चितपट झाली की टिपरू थांबतच नाही. सुपारी आधी, हलगी मागनं.

गेल्या पावसाळ्यात एका बड्या घरचं मर्तिक झालं. निरोप आला, "या लवकर, मान तुमचाच हाय."

आमच्या तात्यानं विचारलं, "सुपारी किती?"

"मानाला सुपारी कसली रं?"

गेलो नाही. गणपतीची ठरलेली दोन कामं त्यानंतर गेली. हंगामाची निम्मी कमाई होती ती! लेझमाच्या पोरांचे बूट राहिले ते राहिलेच. घरात बायको चार दिवस बोलली नाही.

पण मर्तिकाचा हात एकट्या तात्यालाच येत होता. मी म्हणालो, शिकव. पोरं चिडली, "ते कशाला आनि?" तात्या म्हणाला, "जलमभर दुसऱ्याच्या मढ्याम्होरं वाजीवलं. माज्या टायमाला कोन वाजीवनार?"

शिकायला दोन महिने लागले. लई अवघड हात आहे, मधे एक ठोका मुद्दाम चुकवायचा असतो. थंडीत तात्या गेला. तिन्ही हलग्या शेकल्या. पुढं पंचशील झेंडा होता. त्या बड्या घरापुढनं गेलो, तिथं थांबून एक आवर्तन जास्तीचं वाजवलं.