गंजावर जपलेला आवाज

रेवदंड्याच्या आमच्या घरात दर पावसाळ्यात खिडकीचे गज गंजतात. बोट लावलं की तांबूस भुकटी येते. तिच्याच नात्यातली भुकटी माझ्या पाव इंची टेपवर बसवलेली आहे आणि तिच्यात एका धवलारणीचा आवाज आहे. 1982 साली एका आगरी लग्नात मी तिचे हळदीचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, टिपले. सेकंदाला साडेसात इंच वेगाने बाराशे फुटांच्या स्पुलात जेमतेम 32 मिनिटं मावतात. स्पूल संपत आला म्हणून मी तिला मध्येच थांबवलं. ते अजून बोचतं.

मुंबईतला आमचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथलं टेपचं मशीन मी घरी आणलं. उचलायला चार माणसं लागली. त्याच मशीनवर मी शिकलो होतो. सकाळी काडीला कापूस, कापसाला स्पिरिट लावून हेड पुसायचं. मग त्यात मुरलेलं चुंबकत्व काढायचं, नाहीतर सूं-सूं वाढते. चूक झाली की टेप ब्लेडने तिरकी कापून जोडायची. सूर बोटांना लागायचा.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जाताना मला हे चुंबकत्व काढणं हटकून आठवतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम 1904 साली इथे आलं. जवळच्या लोखंडानेही नोंद बिघडते, म्हणून बांधकामातही ते टाळलं. पृथ्वीचं कुजबुजणं ऐकायला एवढा सोवळेपणा लागतो.

आमच्या दमट हवेत टेपचं दुखणं वेगळंच. भुकटीला धरून ठेवणारा चिकटा पाणी पितो आणि हेडवर तपकिरी लगदा सोडतो. गेल्या भाद्रपदात स्पूल लावला तर मशीन किंचाळलं. अशी टेप पन्नासेक अंशांच्या कोरड्या उबेत तासन् तास ठेवतात. सगळ्या टेपांना मात्र हे चालत नाही. जाणत्याने ते केलं, मग आम्ही नक्कल उतरवली.

टेपच्या वेढ्यांवर शेजारच्या वेढ्यांचा आवाज उमटतो. म्हणून धवलारीण गाऊ लागण्याच्या क्षणभर आधी ती दुरून, खाडीपलीकडून गात असल्यासारखी ऐकू येते. ते मी पुसलं नाही.

तुमच्या माळ्यावर असा स्पूल असेल तर घाईने लावू नका. आधी जाणत्याला दाखवा. आणि कोण गातंय, ते आजच डब्यावर लिहून ठेवा.