वारल्या कुणी म्हणायचं?

मराठीत माणसाचं नाव लहान करायला एक 'या' पुरतो. रामचा राम्या होतो, गणूचा गण्या. हा 'या' मित्राच्या तोंडी आला की लाडाचा असतो, मालकाच्या तोंडी आला की हुकमाचा. ऐकणाऱ्याला यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. डहाणू-तलासरीकडे हा 'या' एकेकट्या माणसाच्या नावाशी थांबला नाही, तो जमातीच्या नावालाही लागला. 'ए वारल्या', 'ए काथोड्या' या हाका स्टेशनाबाहेर, कचेरीसमोर, एसटीच्या रांगेत मी लहानपणापासून ऐकत आलो. हाक मारणाऱ्याला आपण शिवी देतोय असं वाटतही नसे. बैलाला हाकावं तितक्या सहजपणे तो बोलायचा.

अलीकडे तोच शब्द वेगळ्या सुरात कानावर येतो. वापीच्या कारखान्यांतून पाळी संपवून परतणारी पोरं इको गाडीत दाटीवाटीने बसतात आणि एकमेकांना म्हणतात, "सरक ना वारल्या." मग हसतात. टी-शर्टवर तारपा या वाद्याचं चित्र असतं, मोबाइलवर नावापुढे आडनावाच्या जागी 'वारली' असतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी यावरून चांगलंच वाजलं. त्याच्या आजोबांचे वडील कम्युनिस्टांच्या लाल बावट्यात होते. आजोबांचं म्हणणं, हा शब्द या घरात पुन्हा ऐकायचा नाही, तो ऐकायला लागू नये म्हणून तर बापाने लाठ्या खाल्ल्या. नातवाचं म्हणणं, शब्द आमचा आहे, दुसऱ्यांनी घाण केला म्हणून आम्ही का टाकायचा?

मी डहाणूतच वाढलो, पण वारली नाही. त्या घरातल्या भांडणात माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि मी ते दिलंही नाही. इथे लिहितोय ते एवढ्यासाठी, की ही शिवी घडली आमच्या बाजूच्या ओट्यांवर. तिच्याबद्दल थोडं बोलणं आमच्याकडे लागतं.

अमेरिकेतल्या काळ्या समाजात असंच भांडण कित्येक वर्षं चालू आहे. तिथला शब्द मी लिहीत नाही. वर्तमानपत्रंही त्याच्या पहिल्या अक्षराशीच थांबतात. गुलामांच्या बाजारातून आलेला तो शब्द काळ्या पोरांनी उचलला, गाण्यांत घातला, मित्राला हाक मारायला वापरला. विनोदी नट डिक ग्रेगरी याने 1964 साली आपल्या आत्मचरित्राला त्याच शब्दाचं नाव दिलं आणि आईला सांगितलं, की यापुढे तो शब्द कानावर आला तर आपल्या पुस्तकाची जाहिरात चाललीय असं समज. रिचर्ड प्रायर हा त्याच्यानंतरचा विनोदवीर. याच शब्दावर त्याने सभागृहं हसवली. 1979 साली तो केनियाला गेला, तिथे सगळीकडे नुसती माणसं पाहिली आणि परत आल्यावर तो शब्द त्याने सोडला. 2007 साली तर एनएएसीपी या काळ्यांच्या जुन्या संघटनेने डेट्रॉइटमध्ये त्या शब्दाची रीतसर अंत्ययात्रा काढली. शवपेटी होती, फुलं होती. शब्द अर्थातच मेला नाही.

हे सगळं डहाणूपासून लांबचं वाटेल, पण फार लांबचं नाही. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली तेव्हा नाव सरळ ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. ज्या शब्दाने खाली दाबलं, तोच मुठीत धरून वर उचलायचा, ही चाल महाराष्ट्राला तेव्हापासून माहीत आहे. आणि वरून दिलेलं गोड नाव नाकारायची चाल त्याहून जुनी. 1938 साली मुंबई विधानसभेत कायद्याच्या मसुद्यात 'हरिजन' शब्द घालायचं ठरलं. भाऊराव गायकवाडांनी आणि बाबासाहेबांनी विरोध केला. बहुमत ऐकेना, तेव्हा ते आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहातून बाहेर पडले. शिवी देणाऱ्यापेक्षा बारसं करणारा जास्त अवघड, हे त्यांनी ओळखलं होतं. शिवीला उलट शिवी देता येते. बारशाला आलेल्या पाहुण्याला काय म्हणणार?

आमच्या पट्ट्यात अशी बारशी पुष्कळ झाली. दुबळा ही जमात तलासरीपासून थेट गुजरातपर्यंत पसरलेली. बार्डोलीच्या बाजूला गांधीवाद्यांनी त्यांना 'हळपती' म्हणायला सुरुवात केली, नांगराचे धनी. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आजही 'दुबळा' आणि 'हळपती' एकाच नोंदीत आहेत. नांगर मात्र मालकाचाच राहिला आणि हाळी म्हणून बांधलेला माणूस नवं नाव घेऊन त्याच शेतात उभा राहिला. पुढे 'वनवासी' आलं. तलासरीसारख्या लहानशा गावात वनवासी कल्याण केंद्र आहे आणि आदिवासी प्रगती मंडळही आहे. दोन्ही ठिकाणी पोरं शिकतात, जेवतात, मोठी होतात. पाटी कुठली ते पाहिलं की मतदान कुठलं याचा अंदाज बांधता येतो, असं गावात हसत हसत म्हणतात. समाजशास्त्रज्ञ घुर्ये तर त्याही आधी, 1943 साली, आपल्या पुस्तकाच्या नावातच 'तथाकथित' हा शब्द घालून बसले होते: हे मूळचे रहिवासी म्हणजे मागासलेले हिंदूच, असा त्यांचा सिद्धांत. या सगळ्या खटाटोपात वारल्याला काय म्हणायचं याची चर्चा भरपूर झाली. त्याला विचारायचं मात्र राहून गेलं.

विचारलं असतं तर त्याने बहुधा मजुरीचं सांगितलं असतं. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे इकडचे मोजके वारली पोहोचले, त्यांतला माह्या धांगडा बोलायला उभा राहिला. त्याच वर्षी 23 मे रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. वेठ म्हणजे मालकाच्या शेतात फुकट राबायचं. त्याहून वाईट लग्नगडी: लग्नाला चार पैसे कर्ज काढायचं आणि नवराबायकोने जन्मभर मालकाकडे राबून ते फेडायचं, तरी ते फिटायचं नाही. हे लग्नगडी त्या वर्षी सुटले. पावसाळा सरल्यावर गवत कापायचा संप झाला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये एवढी मागणी. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं ते गवत. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळी चालवली. पाच माणसं मेली, जेठ्या गांगड त्यांतला एक.

गोदावरी परुळेकरांनी हे सगळं 1970 साली 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. झरीच्या ठरावात 'आम्हांला वारल्या म्हणू नका' असं कलम नव्हतं. लढाई हातातल्या कामाची होती, पोटाची होती. पण वेठ गेली तशी हाकेतली जरबही गेली. जो फुकट राबवू शकत नाही, मारू शकत नाही, दाणे अडवू शकत नाही, त्याने 'ए वारल्या' म्हटलं तर तो फक्त ओरडतो. नातवाला आज या शब्दाशी खेळता येतं ते पणजोबाने गवताचा दर वाढवून घेतला म्हणून. आजोबा चिडतात तेही बरोबरच आहे: त्यांच्या कानाने शब्दाबरोबर छडीही ऐकली आहे. दोघांचे कान वेगळ्या सालांतले आहेत. या दोघांत निवाडा करायला मला तरी आधार सापडत नाही.

एक शंका मात्र आहे. जुना शब्द अंगावर मिरवायला पायाखाली दुसरी जागा लागते. संविधान सभेत डिसेंबर 1946 मध्ये आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि म्हणाले, मी जंगली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. भारताच्या संसदीय इतिहासात शिवी इतक्या डौलाने परत घेतल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. पण हे बोलणारा माणूस ऑक्सफर्डला शिकलेला होता, 1928 साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला भारतीय हॉकी संघाचा कर्णधार होता. 'जंगली' शब्द त्यांना चिकटणं शक्यच नव्हतं. भिवंडीकडच्या वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या बाईला तोच शब्द असा पांघरता येईल का? तिच्यासाठी तो अजून मुकादमाच्या तोंडचाच आहे.

'वारली' या शब्दाचं तर आणखी एक झालंय. तो आता विकला जातो. जिव्या सोमा म्हसे हे डहाणूजवळच्या गंजाडकडचे. लग्नाच्या चौकात बाया लिहायच्या ते चित्र त्यांनी कागदावर आणलं, जगभर नेलं. 2011 साली पद्मश्री मिळाली. दिल्लीत तेव्हा 'जिव्या' हे नाव तसंच्या तसं पुकारलं गेलं असणार, शेवटच्या 'या'सकट. वारली घरात त्या 'या'त कमीपणा कधी नव्हताच. सोम्या, बुध्या, शुक्र्या ही सरळ वाराची नावं. कमीपणा बाहेरच्यांनी आपल्या कानातून आणला. मग चित्र चाललं तसं कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर 'वारली' आलं. मुंबईच्या दिवाणखान्यात 'आमच्याकडे वारली आहे' म्हणजे चित्र आहे. माणूस त्याच घरात कामाला असेल तर त्याला अजून 'ते पालघरकडचे' म्हणतात. शिवी द्यायला लाज वाटते आणि नाव घ्यायला जीभ अडखळते, अशी ती मधली अवस्था. त्यापेक्षा इकोतली पोरं बरी.

कायद्याने या भांडणातली एक बाजू फार पूर्वीच घेतली आहे, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून जाहीर अपमान करणं गुन्हा आहे. शब्द जातीचं साधं नाव का असेना, अपमान करायच्या हेतूने वापरला तर शिवीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली चमार या शब्दाच्या खटल्यात सांगितलं. पण कलमाची सुरुवातच अशी आहे, की अनुसूचित जाती किंवा जमातीचा नसलेला माणूस जेव्हा असं करतो तेव्हा. म्हणजे आतल्याने आतल्याला म्हटलेलं कायद्याला ऐकू येत नाही. पोरांचं 'सरक ना वारल्या' निर्धास्त आहे. मी तेच म्हटलं तर नाही. यात अन्याय झाला असं म्हणणारे भेटतात. मला त्यांचं नवल वाटतं. एक शब्द बोलता येणार नाही म्हणून कुणाचं काय अडतं?

अडचण दुसरीकडे आहे. आतला म्हणजे कोण? धोडिया जमातीचा माणूस स्वतःला वारल्याहून वरचा समजतो, कोकणाही समजतो. आणि सगळे मिळून कातकऱ्याला, म्हणजे काथोडीला, खालचा समजतात. 'काय काथोड्यासारखा राहतोस' हे मी वारली घरांतही ऐकलंय, पोराने केस विंचरले नाहीत म्हणून. कातकऱ्यांकडे जमीन जवळजवळ नाही. त्यांचा झरीचा ठराव झाला नाही, त्यांच्या शब्दाचं चित्रही कुणी कपावर छापलं नाही. कायद्याच्या त्या पहिल्या ओळीत वारली आणि कातकरी दोघेही आतलेच, तेव्हा वारल्याने कातकऱ्याला हिणवलं तर कलम गप्प.

हे मी त्या नातवासमोर काढलं. 'वारली' तुमचा शब्द आहे, मान्य. मग 'काथोड्या' कुणाचा, असं विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, ते त्यांनाच विचारायला पाहिजे. पण आमच्या पाड्याखालची सगळी घरं दिवाळीनंतर भट्टीवर गेलीत. आखाजीशिवाय कुणी यायचं नाही."