पाण्याचा जमाखर्च

२०२४ सालच्या २० मार्चला आमच्या निमगाव सावा येथील वस्तीत महाड सत्याग्रह दिनाचा छोटासा कार्यक्रम झाला. वक्ता मीच होतो. सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव, १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे ओंजळभर घेतलेले पाणी आणि पुढे दहा वर्षे कोर्टात झगडून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात मिळवलेला विजय, सारे काही मी सांगितले. "पाण्यावर सर्वांचा समान हक्क आहे," या वाक्यावर टाळ्याही पडल्या.

त्या दिवशी नळाला पाणी येण्याची पाळी होती. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी तासभर पाणी यायचे. घाईने घरी आलो, नळाला जोडलेली मोटार सुरू केली आणि दोघा-तिघा कार्यकर्त्यांबरोबर चहा घेत बसलो. भाषणाचे कौतुक चालले होते. टाकी भरून वाहू लागली, पाणी गटाराला लागले, तरी माझे लक्ष नव्हते.

तेवढ्यात लाईनीच्या शेवटच्या घरातली आजी रिकामा हंडा घेऊन दारात आली. "आज बी नळाला धार न्हाई बाबा. दोन हंडे मिळतील का?"

मी काही बोलण्याआधी आईच बोलली. "सभेत म्हणालास ना, पाण्यावर समद्यांचा हक्क? मग हिच्या वाटचं पाणी गटारात कोणी सोडलं? माझी आई विहिरीपाशी उन्हात तिष्ठत उभी राहायची. कोणी वरून ओतलं तर तिचा हंडा भरायचा. आज तुझ्या मोटारीनं या म्हातारीला तशीच उभी केली."

बंधू-भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. माझे घर लाईनीच्या तोंडाशी. माझी मोटार पाणी ओढते, म्हणून शेवटच्या घरी धार पोहोचत नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. सगळेच लावतात म्हणून मीही लावली होती.

खरे तर आमचा जुन्नर तालुका धरणांचा. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार धरणे आमच्या तालुक्यात आणि डिंभे शेजारच्या आंबेगावात. नाणेघाटाकडे पाऊस कोसळतो. आम्हा पूर्वेकडच्यांना मात्र ढगांकडे पाहत बसावे लागते. २०२३ साली पावसाने ओढ दिली, शासनाने राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात शेजारचा शिरूरही होता. अशा वर्षी प्रत्येक हंड्याला किंमत येते.

दुसऱ्या दिवशी मी मोटार काढली. मी पडलो कारकून, शिक्षण बी.कॉम. म्हणून एक वही घेतली आणि पाण्याचा जमाखर्च मांडला. मोटारीने तीन दिवसांसाठी हजार लिटर जमा व्हायचे. मोटारीविना सहाशे. घरात माणसे पाच, म्हणजे माणशी रोज चाळीस लिटर. जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी ५५ लिटरचे उद्दिष्ट ठरवले; त्याहूनही हे कमी. मग खर्च कुठे होतो ते पाहिले, आणि सर्वांत उधळ्या माणूस मीच निघालो. अंघोळीला दोन बादल्या माझ्या, पाईप लावून मोटारसायकल धुणारा मीच. न्हाणीतला नळ ठिबकत होता, त्याखाली रात्री नऊला बादली ठेवली. सकाळी सहाला ती अर्धी भरलेली! चार आण्याच्या वायसरसाठी रोज एवढे पाणी जात होते, असे आई म्हणाली. वायसर आता चार आण्याला मिळत नाही, पण महागही नाही.

घरातली काटकसर माझी पत्नी आधीपासून करतच होती. मला ती दिसली नव्हती, एवढेच. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी अंगणातल्या बोधिवृक्षाच्या रोपाला. कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी फरशीला. आता आम्ही एकेका बादलीत अंघोळ करतो, तीही मोठ्या घमेल्यात बसून. ते पाणी संडासला वापरतो. मोटारसायकलला ओले फडके पुरते. आणि हंडे भरायला फक्त बायकांनीच जायचे, हा नियमही मोडला. पाळीच्या दिवशी मी आणि मुलगा भरतो. हंडा उचलणारा माणूस पाणी सांडत नाही.

एक चूक मात्र अनेक घरांत दिसते. नळ आला की कालचे पाणी "शिळे" म्हणून ओतून द्यायचे. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही, ही केवळ समजूत आहे. मात्र उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासावीत. तेव्हा तळाशी उरलेले पाणीही गटारात न टाकता संडासला वापरावे. टँकरचे पाणी कपड्याने गाळून, उकळून प्यावे. भिक्खूंच्या आठ वस्तूंत पाणी गाळायची गाळणी आहे, हे आपण विसरू नये.

मुलांना मी शिवनेरीची लेणी दाखवायला नेले. खडकात कोरलेल्या पाण्याच्या पोढी त्यांनी पाहिल्या. पावसाळ्याचे पाणी तिथे साठवून भिक्खुसंघ वर्ष काढायचा. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याचा शिलालेख तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी परमुलखातला माणूस आपल्या तालुक्यात पाण्याचे दान देतो, आणि मी शेजारच्या आजीच्या वाटचे पाणी ओढतो!

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा सांगितला आहे. त्या पाण्यासाठी युद्ध नको म्हणून सिद्धार्थाने घर सोडले. आपल्याला घर सोडायचे नाही, फक्त मोटार सोडायची आहे.

पाणी वाचवले म्हणजे हक्काची मागणी सोडली असे नव्हे. पुरेसे पाणी मिळाले पाहिजे, त्यासाठी अर्ज, मोर्चे चालूच राहतील. पण अर्जावर सही करण्यापूर्वी आपल्या घराची तोटी बंद आहे ना, एवढे पाहावे. आमच्या लाईनीवरच्या आणखी तीन घरांनी मोटारी काढल्या. सगळ्यांनी अजून काढलेल्या नाहीत. पण शेवटच्या घरातल्या आजीच्या नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली आहे. ती धार जाड होईपर्यंत माझी जमाखर्चाची वही बंद होणार नाही.

जय भीम.