तुंगार्लीचे पाणी आणि शिंगाळा मासा

लोणावळ्यास गेलेले बहुतेक प्रवासी चिक्कीचे पुडे घेऊन आणि खंडाळ्याच्या दरीतील धुके पाहून परत फिरतात. त्यांपैकी फारच थोड्यांची पावले तुंगार्लीच्या चढणीस लागतात. राजमाचीच्या किल्ल्यास जाणारी वाट याच अंगाने निघते आणि इंग्रजी अमदानीत बांध घालून केलेले तुंगार्लीचे तळे तेथेच लागते. लोणावळे गावास या तळ्याचे पाणी मिळत आले आहे. श्रावणात धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नाही. मार्गशीर्षात मात्र पाणी निवळलेले असते आणि काठी दोन घटका स्वस्थ बसावेसे वाटते.

अशा पाण्याकाठी बसलेला मनुष्य एक तर संध्या करतो, नाही तर गळ टाकतो. आम्ही पहिल्या वर्गातले. आमच्या घरी मासा आला तो दशावतारांच्या तसबिरीतच. ताटात कधी आला नाही. तथापि गळाच्या विद्येस आपल्या संस्कृत वाङ्मयात मानाचे स्थान आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. राजाने आपले मन कशाकशात रमवावे हे सांगताना त्याने ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच त्यात घातले आहे. गळ, दोरी, काठी, कोणता मासा कोणत्या आमिषास भुलतो, मासे पुष्ट व्हावेत म्हणून त्यांस काय चारावे, असा सारा तपशील तेथे आहे. श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत संपादिला आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहिला. राजाने माशांचे दोन वर्ग केले आहेत: खवल्यांचे ते शल्कज आणि नुसत्या कातडीचे ते चर्मज. अमेरिकेतील सरोवरांवर ज्या मिशाळ माशांच्या स्पर्धा वर्षानुवर्षे भरतात आणि ज्यांच्या वजनावर बक्षिसे वाटली जातात, ते चर्मज. आपल्या नद्यांतील त्यांचा भाऊबंद म्हणजे शिंगाळा.

या शिंगाळ्याच्या नावाची गोष्ट मोठी गमतीची आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुळामुठेतील व दख्खनच्या इतर नद्यांतील मासे तपासून १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे ठेवताना त्याने येथील लोकांच्या तोंडची मराठी नावेच उचलली. त्यामुळे शिंगाळा आज जगभर ‘स्पेराटा सीनघाला’ आणि आपला महाशीर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. मराठीशी लॅटिनचा असा समास दुसरीकडे आमच्या पाहण्यात नाही.

तुंगार्लीपासून जवळच वळवणचे मोठे धरण आहे. टाटांच्या कंपनीने भीमेच्या खोऱ्यातील पाणी या बाजूस अडवून घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीस वीज निघू लागली. जे पाणी पूर्वसमुद्रास जावयाचे ते पश्चिमसमुद्रास मिळाले. पाण्यास नवी वाट मिळाली. माशांची जुनी मात्र अडली. महाशीर पावसाळ्यात विणीसाठी प्रवाहाच्या वरच्या अंगास चढतो आणि बांधापुढे त्याचे काही चालत नाही. पुढे १९७० नंतर त्याच कंपनीने लोणावळ्यास महाशीराची अंडी हाताने काढून पिले वाढविण्याचे केंद्र चालविले आणि ती बोटुकली दूरदूरच्या पाण्यांत पाठविली. २०१८ साली जागतिक निसर्गसंरक्षण संघाने खुद्रीस संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळले, त्यात या खटपटीचा वाटा मानला जातो.

येथवर सारे मंगल आहे. परंतु यातील बोटुकली कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीत मुळातच निराळ्या जातीचा, पाठीस कुबड असलेला, प्रचंड महाशीर राहत होता. गळाच्या खेळाकरिता इंग्रजांच्या काळापासून त्याची ख्याती. गालिबोर येथील छावणीत मासे धरणारे लोक आपापल्या शिकारीची टिपणे ठेवीत आणि मासा परत पाण्यात सोडीत. १९९८ ते २०१२ पर्यंतची ती टिपणे शास्त्रज्ञांनी लावून पाहिली तेव्हा दिसले की गळास लागणारे महाशीर वाढले होते, पण ते बहुतेक खुद्री. कुबडा जवळजवळ नाहीसा झाला होता. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले तेही २०१८ सालीच, आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त ठरला. अतिथीने यजमानास घराबाहेर काढावे तशी ही गत! अतिथीस आपणच गाडीत बसवून धाडले होते, आणि तेही सद्हेतूने.

आम्हांस या प्रकरणात त्या टिपणांचे मोल सर्वांहून अधिक वाटते. खेळणाऱ्यांनी ती ठेवली नसती तर एक जात हळूहळू जात असल्याचे कोणास कळलेही नसते. लोणावळ्याच्या तळ्यांवर उद्या कोणी मासे धरण्याची स्पर्धा भरवू म्हटले तर आमची हरकत नाही. मात्र बक्षीस वजनावर देऊ नये, नोंदीवर द्यावे. मासा मोजून जिवंत सोडावा. आणि काट्याशी बसणाऱ्यास शिंगाळा कोणता व आफ्रिकी मांगूर कोणता हे ओळखता यावे. या मांगुराच्या पैदाशीस सरकारने २००० साली बंदी केली, तरी लोक तो चोरून पोसतात आणि पुराबरोबर तो नद्यांत उतरतो. अशी वही तुंगार्लीच्या काठी कोणी घालणार असेल, तर तिचे पहिले पान आखून देण्यास आम्ही तयार आहो.