उर्राकाचे दिवस

सावंतवाडीहून दोडामार्ग, डिचोली करत वाळपईला पोचलो तेव्हा एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. लेकीला नाणूसचा किल्ला दाखवायचा होता. १८५२ च्या जानेवारीत दीपाजी राण्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला आणि सत्तरीतलं बंड पेटलं. परतताना मात्र वाट एका वासाने अडवली. गोड, आंबूस, धुरकट. "बोंडं!" आई म्हणाली आणि गाडी थांबवायला लावली. तिचं बालपण कोकणातलं.

काजूच्या बागेआड भाटी होती. झाडावरून आपसूक गळलेलीच बोंडं वेचायची, बी पिरगळून काढायची, मग बोंडं तुडवून रस काढायचा. त्यात ना साखर, ना यीस्ट. तीनेक दिवसांत रस आपणच आंबतो. तो भाणात उकळायचा. वाफ नळीतून गार मडक्यात उतरते, तीच उर्राक. उर्राकीत आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी. जुने जाणकार धार उंचावरून ओतून फेस बघतात आणि कडकपणा ओळखतात. फेणी हे नावही त्या फेणावरूनच आलं.

काजू ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणला. पण बोंडातून फेणी काढली ती इथल्या माणसांनी, माडाच्या दारूचं जुनं कसब हाताशी होतं म्हणून. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मिठाबरोबर दारूवरही कराचा फास आवळला. तरी भाट्या विझल्या नाहीत. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मला ते या चुलीपाशी राबणाऱ्या हातांचं वाटतं.

यजमानांनी आणि मी उर्राक घेतली, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून. हलकी, फळाच्या वासाची, घशाशी किंचित तुरट. आईने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तिच्यासमोर भाटीवाल्याने वेगळा पेला धरला. "मावशी, हा नीरो. चोथ्यावर दगड ठेवला की आपसूक निथळतो. आताच उतरलाय, यात नशा नाही."

तिने घोट घेतला आणि बराच वेळ बोलली नाही. मग पर्समधून पाण्याची बाटली काढून रिकामी केली. मामीसाठी न्यायचा होता. भाटीवाल्याने मान हलवली. या उन्हात वाटेतच फसफसेल.

आईने बाटली परत ठेवली आणि तिथेच आणखी एक पेला मागितला.